बारा अंशांची झोप

भोसरीत समुद्र नाही.
कूलंटचा आंबूस वास आहे,
लेथखाली वेटोळलेला निळसर कीस आहे,
आणि आमच्या शेडमध्ये, प्लायच्या चौथऱ्यावर,
एक बर्थ आहे
जी बारा अंश डावीकडे कलते,
बारा अंश उजवीकडे,
एक हेलकावा नऊ सेकंदांचा.
खालची मोटर उसाच्या चरकाची, जुन्या बाजारातून रविवारी उचललेली.
तापली की अजून रसाचा वास येतो तिला.

बोट कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं:
प्रवाशांना झोप लागत नाही.
उपाय सुचवावा.
मी बोटीत बसले ती एकदाच, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला,
आणि सबंध वाट पिशवीत तोंड घालून.
हे काही मी कंपनीला कळवलं नाही.

पहिल्यांदा टांगली. दोन बेअरिंगांवर,
वजनाच्या मध्यापासून जेमतेम दोन सूत वर,
म्हणजे सावकाश झुलेल.
जहाज कलू दे, म्हटलं, माणूस सपाट राहील.
कागदावर राहिलाही.
पण टांगलेल्या वस्तूला स्वतःचा ठेका असतो,
तो लाटेच्या ठेक्याला जाऊन मिळाला
आणि चौसष्ट किलोचं वाळूचं पोतं
उडून ड्रिल मशिनवर पडलं.
पांचाळ मेस्त्री म्हणाले, ताई, प्रवासी गेला.

मग घट्ट बसवली. मग रुंद केली.
रुंद म्हणजे ऐसपैस, हे मला घरच्या पलंगानं शिकवलेलं.
मेस्त्री स्वतः झोपले तिच्यावर
आणि पहाटेपर्यंत स्वतःला धरून होते
मांडीनं, कोपरानं, जबड्यानं.
डोळे मिटलेले, अंग ड्युटीवर.

कासारवाडीला लेकीकडे राहतात हुसेनमियाँ फणसोपकर.
मूळचे दाभोळचे, बत्तीस वर्षं बोटींच्या इंजिनांना तेल घातलेलं.
रिटायर झाल्यापासून झोप नाही, लेक म्हणाली,
घर हलत नाही म्हणतात.

आले. ड्रॉइंग बघितलं नाही.
वहाणा काढल्या, गादीवर तळहात टेकला,
विचारलं, लाइफजॅकेट हाय काय?
भोसरीत लाइफजॅकेट कुठलं.
पांचाळांनी सिमेंटची दोन रिकामी पोती गुंडाळून दिली.
ती त्यांनी गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारली,
गादी भिंतीकडे उतरली, घळ झाली,
आणि त्या घळीत हा माणूस
म्यानात सुरी जावी तसा गेला.
भिंतीला पाठ लावून म्हणाले,
आता ही धरील. मी कशाला धरू?

बावीस इंच. मी पट्टी लावून मोजलं.
चार महिने मी रुंदी वाढवत होते.

बुधवारची रात्र. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी,
त्यामुळे बाजूचे प्रेस गप्प,
फक्त आमचा चौथरा करकरत होता.
वहीत लिहीत गेले:
साडेअकरा, घोरणं सुरू.
एक, कूस बदलली नाही.
तीन, कूस नाही.
एक हात खाली लोंबतोय, बोटं सैल,
हेलकाव्याबरोबर जमिनीवरून काहीतरी वेचावं तशी.

चार वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली.
चौथरा थांबला,
आणि ते लगेच उठून बसले,
अंधारात, खणखणीत आवाजात:
बंदर आलं काय?

काय सांगायचं?
पाचशेसाठ मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या या बाजूला,
कुत्री भुंकत असताना?
नाही चाचा, म्हटलं, अजून वेळ आहे.
पांचाळांनी चरकाचा जुना दांडा शोधला,
मोटरचा पट्टा काढून दांडा बसवला.
आम्ही दोघं फिरवू लागलो,
मी मोजत होते, ते ओढत होते,
आठला थांबायचे, नववर सोडायचे.
हाताला फोड आला. घोरणं परत सुरू झालं.

रिपोर्ट पाठवला. रुंदी बावीस इंच,
बाहेरच्या कडेला पाचर, उंची कमीजास्त करता येण्याजोगी.
निरीक्षणाचा कालावधी: पाच तास दहा मिनिटं.

वीज गेल्यानंतरची सतरा मिनिटं
त्यात धरलेली नाहीत.